डिस्टिल्ड वॉटरमध्ये पास, बोअरच्या पाण्यात नापास: शिसं शोधणाऱ्या सोन्याच्या नॅनोकणांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं कॉलेज, केमिस्ट्री डिपार्टमेंट, एमएस्सी दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट, आणि गाईड मी. गावाचं, कॉलेजचं, मुलीचं नाव मुद्दाम देत नाहीये. तिला विचारूनच लिहितोय, कारण जे झालं ते नॅनोकणांवर काम करणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये होऊ शकतं आणि होतच असणार, फक्त लिहिलं जात नाही.

विषय तिनेच आणला. तिची आई जलजीवन मिशनमध्ये गावातल्या ज्या पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग दिलं त्यातली एक. घरी फिल्ड टेस्ट किटची पेटी, त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा, तक्त्याशी जुळवायचा. एक दिवस मुलगी म्हणाली, "सर, आईच्या किटमध्ये फ्लोराइड दिसतं, लोखंड दिसतं, नायट्रेट दिसतं, मग शिसं का नाही दिसत? शाळेचे नळ तर सगळे जुने पितळी आहेत."

प्रश्न चोख होता. पितळात थोडं शिसं मिसळलेलं असतं, रात्रभर पाणी नळात उभं राहिलं की सकाळच्या पहिल्या पाण्यात ते उतरू शकतं. आणि शिशाची मर्यादा फार खाली आहे. पिण्याच्या पाण्याचं आपलं स्टँडर्ड आयएस १०५०० घ्या, फ्लोराइडला लिटरमागे १ मिलिग्रॅम, शिशाला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर पट कमी, आणि त्यात सवलत अजिबात नाही. डोळ्याला दिसेल असा रंग एवढ्या कमी शिशात आणायचा तर साधा डाय, म्हणजे रंगद्रव्य, पुरत नाही.

इथे सोनं कामाला येतं. १३ नॅनोमीटरचा सोन्याचा एक कण म्हणजे साधारण ६५-७० हजार अणू, आणि त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाश पडला की सगळे मिळून हेलकावतात. त्यामुळे ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश कण खाऊन टाकतात आणि द्रावण दिसतं लाल. नेहमीच्या डायपेक्षा हा रंग हजार हजार पट गडद. कण एकमेकांना चिकटून गोळा झाले की हेलकाव्याची लय बदलते, शोषण ६००-७०० कडे सरकतं आणि लालाचा जांभळा, मग निळा होतो. म्हणजे कणांवर असं काही लावायचं जे शिसं आलं की दोन कणांना एकत्र बांधेल. बाकी काम रंग करतो.

आम्ही लावलं ग्लुटाथायोन, म्हणजे सजीवांच्या पेशींत असतो तो एक छोटा रेणू. त्याच्या एका टोकाचं सल्फर सोन्याला घट्ट धरतं, बाहेरच्या बाजूला दोन कार्बोक्झिल गट राहतात आणि ते शिशाला धरतात. पद्धत नवी नव्हती, २०१० साली यावर पेपर येऊन गेलेला. एमएस्सीच्या प्रोजेक्टला तयार रस्ता असलेला बरा, हा माझा तेव्हाचा विचार.

आमच्याकडे काय होतं तर एक यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, पीएच मीटर, मॅग्नेटिक स्टररवाली हॉट प्लेट. शिसं थेट मोजणारं मशीन नाही.

लॅबमधलं काम

पहिली बॅच बिघडली. तिने स्टीलच्या स्पॅट्युलाने गोल्ड क्लोराइड काढलं, स्पॅट्युलावर काळे डाग पडले आणि द्रावण शेवटी मळकट जांभळं झालं. ही पावडर ओल पटकन ओढते आणि धातूवर तुटून पडते, प्लास्टिकचाच चमचा लागतो, आणि फ्लास्क आधी ॲक्वा रेजियाने, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या जहाल ॲसिडच्या मिश्रणाने, धुवायचा असतो. हे मी सांगायला हवं होतं.

दुसरी बॅच मात्र आत्ताही डोळ्यासमोर आहे. १०० मिली पाण्यात एक मिलिमोलर गोल्ड क्लोराइड, फिकट पिवळं, उकळी फुटलेली, स्टरर जोरात, आणि तिने १० मिली सायट्रेट एका दमात ओतलं. आधी पिवळा रंग गेला, पाणी स्वच्छ झालं आणि तिने घाबरून माझ्याकडे बघितलं, मग राखाडी, मग शाई सांडल्यासारखं काळपट जांभळं, आणि दोन-तीन मिनिटांत तळापासून वर लाल चढत गेला. शेवटी कोकम सरबत. टर्केविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली ही रीत नीट मांडली, अजून जगभर हीच चालते. एक ग्रॅमच्या बाटलीत अशा साधारण २५ बॅचेस निघतात, त्यामुळे एक वाया गेली तरी जीव हळहळतो.

मग ग्लुटाथायोन टाकून दोन तास ढवळणं, आणि नंतर जादाचं काढून टाकणं. ही पायरी लोक गाळतात. मोकळं ग्लुटाथायोन पाण्यात राहिलं तर शिसं त्यालाच जाऊन चिकटतं आणि कणांच्या वाट्याला काही येत नाही. आमचं जुनं सेंट्रिफ्यूज एवढे बारीक कण बसवू शकत नव्हतं, शेवटी झूऑलॉजीकडचं छोटं हायस्पीड मशीन दुपारी रिकामं असायचं तेव्हा वापरलं.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये निकाल झकास आला. पीएच ८, थोडं मीठ घालायचं म्हणजे कणांमधलं एकमेकांना ढकलणं कमी होतं आणि ते शिशाच्या धक्क्याला लवकर दाद देतात. मीठ ०.१ मोलर. शिसं वाढवत नेलं की ६५० आणि ५२० नॅनोमीटरच्या ॲब्सॉर्बन्सचा, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाचा, रेशो सरळ रेषेत चढायचा. डिटेक्शन लिमिट, म्हणजे टेस्टला दिसेल असं कमीत कमी शिसं, निघाली ८० नॅनोमोलर. सिलेक्टिव्हिटीचा, म्हणजे टेस्ट शिशालाच दाद देते का इतर धातूंनाही याचा, बार चार्ट पण काढला, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, लोखंड, तांबं, प्रत्येकी १० मायक्रोमोलर. शिशाचा खांब उंच, बाकीचे जमिनीला. पोस्टरला लावला, कौतुकही झालं.

या वरच्या पॅराग्राफमध्ये दोन चुका आहेत आणि त्या वेळी दोन्ही आमच्या लक्षात आल्या नाहीत. म्हणून पुढचं सगळं घडलं.

अडचण

फेब्रुवारीत तिने गावातून नऊ सॅम्पल आणले. शाळेचा नळ सकाळचं पहिलं पाणी, शाळेचा नळ पाच मिनिटं सोडून, दोन बोअर, देवळाजवळचा हापसा, टाकीचं पाणी, दोन घरांतले नळ आणि आरओ प्लांटच्या जारचं पाणी. सगळे रिकाम्या मिनरल वॉटरच्या बाटल्यांत, रविवारी भरलेले, बुधवारी तपासले.

नऊ व्हायल ओळीत ठेवल्या, प्रत्येकीत लाल द्रावण, मग सॅम्पल. मी शेजारीच उभा होतो. मिनिटभरात पहिली जांभळट झाली, मग दुसरी, मग धडाधड सगळ्या, आणि पाच मिनिटांत आठ व्हायल निळ्याकरड्या आणि एकच लाल राहिली, जारवाली.

तिचा चेहरा पडला. शेजारच्या मुलाने फोटो काढला. संध्याकाळी तिने तो स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं "आमच्या गावच्या पाण्याची टेस्ट", एवढंच. रात्री दहापर्यंत तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं की कॉलेजच्या टेस्टमध्ये गावच्या सगळ्या पाण्यात शिसं निघालं. सकाळी शाळेतली निम्मी पोरं घरून बाटल्या घेऊन आली, ज्यांच्याकडे जारचे पैसे नव्हते त्यांच्या घरी काय चाललं असेल ते मला नंतर कळलं. सरपंच ताईंचा फोन आला, "सर, पोरांना पाणी पाजायचं का नाही तेवढं सांगा, बाकीचं मला काही समजत नाही."

आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

तिची आई पण त्या संध्याकाळी कॉलेजात आली. गावाच्या पाण्याचं किट त्यांच्या हातात, लोक त्यांनाच विचारत होते. त्या शांतपणे बसल्या आणि जाता जाता एक वाक्य बोलल्या, "सर, आमचं पाणी तर पहिल्यापासून जड आहे, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, किटमध्ये पण हार्डनेस नेहमी जास्तच येतो. त्याचं तर नाही ना काही?"

त्याचंच होतं.

आमचा जवळजवळ अख्खा मराठवाडा काळ्या बेसॉल्टवर बसलेला, त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. दुसऱ्या दिवशी ईडीटीए टायट्रेशन केलं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणारं रसायन थेंब थेंब घालून हार्डनेस मोजला, एफवायची पोरं करतात तेच. बोअरचा हार्डनेस लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये फक्त कॅल्शियम क्लोराइड घातलं, अडीच मिलिमोलर, शिसं शून्य. लाल द्रावण टाकलं. निळं झालं.

आता तो सिलेक्टिव्हिटीचा बार चार्ट आठवा. आम्ही कॅल्शियम तपासलं होतं १० मायक्रोमोलरला. बोअरच्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं तर ते २,५०० मायक्रोमोलर होतं, अडीचशे पट जास्त. आणि शिशाची मर्यादा ४८ नॅनोमोलर, म्हणजे एका शिशाच्या आयनमागे पन्नास हजारांवर कॅल्शियमचे. ग्लुटाथायोनचे कार्बोक्झिल गट शिशाला जास्त आवडीने धरतात हे खरं, पण पन्नास हजारांच्या गर्दीपुढे आवड कितीशी टिकणार. त्यात भर म्हणजे दोन चार्जचे आयन कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणारे असे बारीक कण, खाली बसवण्यात एक चार्जवाल्यांपेक्षा कितीतरी जबर असतात, शुल्झे-हार्डी रूल, मी स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि मीठ घालून कणांना कड्यावर आम्हीच नेऊन उभं केलं होतं, कॅल्शियमने फक्त ढकललं.

दुसरी चूक त्याच रात्री तिला सापडली, मला नाही. तिने ८० नॅनोमोलरला शिशाच्या अणुभाराने, २०७ ने, गुणलं. साडेसोळा मायक्रोग्रॅम प्रति लिटर. मर्यादा दहाची. म्हणजे कॅल्शियम नसतं तरी आमचा सेन्सर दहा-बारा मायक्रोग्रॅमचं पाणी "ठीक आहे" म्हणून सोडून देणार होता. सहा महिने आम्ही नॅनोमोलरमध्ये बोलत होतो आणि स्टँडर्ड मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं होतं, दोन्ही एका ओळीत कधी मांडलंच नाही.

गावाला काय सांगायचं

पहिला निर्णय केमिस्ट्रीचा नव्हताच. तीन गोष्टी करता आल्या असत्या. एक, पक्का रिपोर्ट येईपर्यंत गप्प बसायचं. दोन, "शिसं नाही, टेस्ट चुकली" असं सांगून लोकांना शांत करायचं, डिपार्टमेंटमधल्या काही जणांचं हेच मत होतं आणि त्यांचा हेतू चांगला होता. तीन, आम्हाला माहीत नाही हे स्पष्ट सांगायचं.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता. पण रंग कॅल्शियमने बदलतो हे सिद्ध झालं म्हणजे शिसं नाही हे सिद्ध होत नाही. कॅल्शियमच्या आडोशाला शिसं असूच शकतं, आमच्या टेस्टला ते वेगळं दिसणारच नव्हतं. उद्या खरंच निघालं असतं तर आम्ही पोरांना शिशाचं पाणी पाजायला सांगितलं असं झालं असतं. शिशाच्या बाबतीत सुरक्षित अशी पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. तिथे अंदाजाने धीर देणं मला जमणार नव्हतं.

आम्ही मेसेज लिहिला, तिने आणि मी मिळून, चार वेळा खोडून. फोटोतला निळा रंग पाण्याच्या जडपणामुळे येतो हे आज आम्ही तपासलं आहे, पाण्यात शिसं आहे की नाही हे या टेस्टवरून कळत नाही, नवे सॅम्पल मोठ्या लॅबला जात आहेत, रिपोर्ट जसा येईल तसा इथेच टाकू, तोवर शाळेचा नळ सकाळी पाच मिनिटं सोडून मग पोरांना पाणी द्या, ते सोडलेलं पाणी झाडांना घाला. सरपंच ताईंनी तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लिहून लावला.

फक्त हे सगळं करायला आम्हाला दीड दिवस लागला. तो दीड दिवस लोकांनी काळजीत काढला.

सेन्सरचं काय करायचं

इथे डोकं जास्त चाललं, आणि एक वाट अशी होती की त्यावरून आम्ही जवळजवळ घसरलो.

तिचीच कल्पना होती, आणि ऐकायला एकदम बरोबर वाटते. हार्डनेस आपण ईडीटीएने मोजतो, ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकतो, मग सॅम्पलमध्ये आधी ईडीटीए घालू, कॅल्शियम गप्प बसेल. करून बघितलं. बोअरचं पाणी, ईडीटीए, मग लाल द्रावण. लाल राहिलं! पाच मिनिटं, दहा मिनिटं, लालच. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या. मी पण खूश झालो, खोटं कशाला सांगू.

मग तिने त्याच व्हायलमध्ये शिसं घातलं, भरपूर, मर्यादेच्या वीस पट. लालच.

ईडीटीए शिशाला कॅल्शियमपेक्षा फार जास्त घट्ट धरतो. स्टॅबिलिटी कॉन्स्टंटचा लॉग शिशाला १८, कॅल्शियमला १०.७. म्हणजे जवळपास दोन कोटी पट. पन्नास हजार कॅल्शियमच्या गर्दीतूनसुद्धा ईडीटीए शिशालाच आधी उचलणार, कमी घाला नाहीतर जास्त घाला. आम्ही टेस्टचं तोंड बंद केलं होतं आणि ते पाणी स्वच्छ असल्याचं लक्षण समजत होतो. आधीची टेस्ट सगळ्यांना उगाच घाबरवत होती, ही सगळ्यांना उगाच धीर देणार होती, आणि दोन्हींत ही जास्त वाईट. त्या दिवशी तिने शिसं घालून बघितलं नसतं तर आम्ही हीच सुधारित पद्धत म्हणून लिहिली असती. तिला मी विचारलं की तुला कसं सुचलं, तर म्हणाली, "आईच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की किट बरोबर आहे का बघायला माहितीचं सॅम्पल पण तपासायचं."

बाकीचे पर्याय भराभर सांगतो. पाणी पातळ करणं, म्हणजे पन्नास पट केलं की कॅल्शियम आवाक्यात येतं पण शिसं एक नॅनोमोलरवर जातं, उपयोग शून्य. साधं सॉफ्टनरचं रेझिन कॅल्शियमबरोबर शिसंही ओढून घेतं. डीएनएझाइमची पद्धत, शिसं आलं की डीएनएची दोरी तुटते आणि सोन्याचे कण सुटे होतात, अमेरिकेत इलिनॉयमध्ये २००३ सालीच झालेली आहे आणि शिशाला खरंच ओळखते, पण ते डीएनए मागवणं, थंड ठेवणं आमच्या बजेटमध्ये आणि आमच्या फ्रीजमध्ये बसत नव्हतं. आणखी एक रीत म्हणजे कण गोळा न करता ते विरघळवायचे, थायोसल्फेट आणि मर्कॅप्टोइथेनॉल सोबत असेल तर शिसं सोनं विरघळायचा वेग वाढवतं आणि लाल रंग फिका पडत जातो. ती मला अजूनही आवडते, पण मार्च उजाडला होता आणि तिची परीक्षा तोंडावर होती.

शेवटी निवडलं चिलेटिंग रेझिन, म्हणजे धातूंचे आयन पकडून ठेवणारे बारीक मणी. रेझिन शिसंही घेतं, हो, पण इथे तेच हवं आहे, कारण नंतर कॅल्शियम वेगळं सोडवता येतं आणि शिसं वेगळं.

प्रत्यक्ष केलेलं काम

आधी सॅम्पल पुन्हा घेतले. पॉलिथिनच्या बाटल्या, नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर भिजवून धुतलेल्या, आणि प्रत्येक ठिकाणाहून दोन बाटल्या. एकीत जागेवरच थेंब थेंब नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली, ती बाहेरच्या लॅबला आयसीपी-एमएससाठी, म्हणजे शिसं थेट मोजणाऱ्या मशीनसाठी. ॲसिड नसेल तर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं, म्हणजे आमचे पहिले तीन दिवस उभे राहिलेले सॅम्पल तसेही बाद होते. दुसरी बाटली आमच्यासाठी.

मग कॉलम. पेनाएवढी काचेची नळी, तळाला काचेची लोकर, वर दोन-तीन सेंटिमीटर रेझिन. २०० मिली सॅम्पल, अमोनियम ॲसिटेटने पीएच साडेपाचला आणायचं आणि सेकंदाला एक थेंब या गतीने सोडायचं. त्यानंतर नुसतं अमोनियम ॲसिटेट, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवून घेऊन जातं, शिसं रेझिन सोडत नाही. मग पाणी, मग नायट्रिक ॲसिड, त्यात शिसं खाली येतं. ते ॲसिड फ्यूमहूडमध्ये हॉट प्लेटवर जवळजवळ कोरडं करायचं आणि १० मिली पाण्यात घ्यायचं. २०० चे १० झाले, वीस पट. मर्यादेवरचं ४८ नॅनोमोलर आता ९६० होतं, आमच्या रेषेच्या ऐन मध्यात. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हे, कॅल्शियम गेलं आणि साडेसोळा विरुद्ध दहाचा घोळही मिटला.

पहिल्या खेपेला तरी निळंच झालं. धुणं कमी पडलं होतं. ते पुरेसं झालं हे कळायचं कसं? तिने सोपी गोष्ट केली, कॉलममधून पडणारे थेंब वॉच ग्लासवर घ्यायचे आणि त्यात अमोनियम ऑक्झलेटचा थेंब टाकायचा. पांढुरकं धुकं आलं तर कॅल्शियम अजून येतंय. स्वच्छ राहिलं की धुणं झालं. काळ्या कागदावर ठेवून बघायची, खिडकीच्या उजेडात, एका डोळ्याने. ॲसिटेट दुप्पट लागलं पण मग प्रत्येक कॉलम सारखा चालला.

ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचं बिनशिशाचं पाणी, तेसुद्धा बदललं. आधी नुसतं डिस्टिल्ड वॉटर असायचं, आता डिस्टिल्ड वॉटरही अख्ख्या कॉलममधून, त्याच ॲसिडने, त्याच हॉट प्लेटवरून. आणि प्रत्येक बोअरच्या सॅम्पलचे दोन भाग, एक तसाच आणि एकात माहितीचं शिसं घातलेलं. घातलेलं परत मिळालं नाही तर त्या दिवसाचा निकाल बाद. ईडीटीएच्या दुपारनंतर हा नियम लॅबच्या भिंतीवर चिकटवला, तिच्याच अक्षरात.

काय निघालं

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट बारा दिवसांनी आला. नऊच्या नऊ सॅम्पलमध्ये शिसं मर्यादेच्या आत. सगळ्यात जास्त शाळेच्या नळाचं सकाळचं पहिलं पाणी, तेही दहाच्या खालीच, आणि पाच मिनिटं सोडलेल्या पाण्यात जवळजवळ नाहीच. जड पाण्यात शिसं तसं सहज विरघळून राहत नाही, म्हणजे ज्या क्षारांनी आमची टेस्ट पाडली ते एका अर्थी गावाच्या बाजूनेच होते. पण मुलीचा पहिल्या दिवशीचा पितळी नळाचा अंदाज बरोबर दिशेने होता, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

रिपोर्ट जसाच्या तसा ग्रुपवर टाकला, आकड्यांसकट. काही लोकांना तो पटला, काहींनी जारचं पाणी चालूच ठेवलं, एका आजोबांनी मला थेट विचारलं की आधी निळं म्हणालात आता नाही म्हणता, आम्ही धरायचं कुठलं. त्यांच्या घरी जाऊन मी दोन व्हायल दाखवल्या, एक त्यांच्या बोअरच्या पाण्याची आणि एक डिस्टिल्ड वॉटरमध्ये नुसता चुन्याचा क्षार घातलेली. दोन्ही सारख्याच निळ्या झाल्या. ते बराच वेळ बघत बसले, मग चहा मागवला.

आमचा सेन्सर कॉलमसकट आयसीपी-एमएसच्या आकड्यांजवळ आला. मर्यादेइतकं शिसं घातलेलं बोअरचं पाणी तो दरवेळी पकडायचा आणि न घातलेलं सोडायचा. पण एका सॅम्पलला चार तास, फ्यूमहूड, नायट्रिक ॲसिड, सेंट्रिफ्यूज. तो आईच्या पेटीत जाणार नाही. थिसिसमध्ये आम्ही त्याला फिल्ड किट म्हटलं नाही, लॅबमधली प्राथमिक चाचणी म्हटलं. ईडीटीएचा फसलेला प्रयोग आणि आठ निळ्या व्हायलचा फोटो वेगळ्या प्रकरणात गेला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच प्रकरण उघडून पाऊण तास प्रश्न विचारले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या आठवड्यात, सोन्याची बाटली उघडायच्या आधी, ज्या पाण्यात टेस्ट चालवायची ते पाणी आणून त्याचा हार्डनेस, क्लोराइड, पीएच काढायचा. दीड तासाचं काम. आणि सिलेक्टिव्हिटी तपासायची ती त्या पाण्यात प्रत्येक आयन जेवढा असतो तेवढा घालून. सगळे आयन सारख्या प्रमाणात घेतलेले बार चार्ट मी किती पेपरमध्ये बघितलेत आणि किती वेळा मान डोलावलीय. आता मी विद्यार्थ्यांना तो चार्ट काढूच देत नाही, निदान खाली खऱ्या पाण्याचे आकडे लिहिल्याशिवाय नाही.

डिटेक्शन लिमिट आणि कायद्याची मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर एकाच युनिटमध्ये, शेजारी शेजारी.

फोटोचं काय? मुलीला मी कधी रागावलो नाही, कारण फोटो टाकू नको असं मी सांगितलंच नव्हतं. लोकांच्या घरातलं पाणी तपासतोय तर रंग दिसला की निकाल झाला असं कुणालाही वाटणार, तिच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. सॅम्पल आणायच्या आधीच सरपंच ताईंना आणि किटवाल्या पाचही जणींना बोलावून सांगायला हवं होतं की ही शिकाऊ टेस्ट आहे, हिचा निकाल अजून निकाल नाही. आणि त्यांना बोलावलं असतं तर जड पाण्याचं वाक्य आम्हाला सहा महिने आधी ऐकायला मिळालं असतं.

रेझिनबद्दल मात्र मन अजून दोन्हीकडे ओढतं. तो रस्ता बरोबर ठरला, पण त्यामुळे शेतात, शाळेत, हापशावर चालेल अशी टेस्ट करायचं मूळ स्वप्न बाजूला पडलं. वेळ असता तर सोनं विरघळवणारी रीत मी बोअरच्या पाण्यात लावून बघितली असती, कारण तिथे कण गोळा होण्यावर रंग अवलंबून नाही, तेव्हा कॅल्शियमचा त्रास कमी होईल असं वाटतं. यंदाच्या बॅचमधल्या एका मुलाने तो विषय घेतलाय. पहिल्याच दिवशी त्याला बोअरचं पाणी आणायला पाठवलं, दोन कॅन, आणि सोबत तिच्या आईचा नंबर दिला, कारण कुठल्या बोअरला किती क्षार आहेत ते त्यांच्या वहीत दर महिन्याचं लिहिलेलं आहे.